निर्यातीच्या द्राक्षाची सगळी माहिती ऑनलाइन आहे, पण ती शिवारात परत येते का?

उगावरोड

नमस्कार मंडळी,

गोडी छाटण्या (फळासाठीच्या छाटण्या) उरकत आल्यात आणि आमच्याकडे निफाड तालुक्यात निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर, नोंदणी चालू आहे. त्या निमित्ताने बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न इथे मांडतो.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपचा बाजार हातचा जातो की काय अशी वेळ आली. त्यातून २००६ मध्ये अपेडाने (शेतीमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) ग्रेपनेट उभं केलं. प्रत्येक प्लॉटला क्रमांक, फवारणीची नोंदवही, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेणार, अहवाल थेट ऑनलाइन चढणार. अंश जास्त निघाले तर प्लॉटवर इशारा लागतो आणि तो माल युरोपला जाऊ शकत नाही. पास झाला तर पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क (प्रतीचा सरकारी दाखला), फायटो (माल रोगकीडमुक्त असल्याचा दाखला) आणि पुढे न्हावाशेवा बंदर. पेटीवरच्या क्रमांकावरून उलट मागे प्लॉटपर्यंत पोचता येतं. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाल्यालाही हीच पद्धत लागू झाली.

यामुळे युरोपातला खाणारा सुरक्षित झाला आणि आपला बाजार वाचला, यावर माझा वाद नाही. पण आता प्रत्येक खरेदीदार 'शाश्वत पुरवठा साखळी' म्हणतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ चार गोष्टी: औषध कमी, पाणी कमी, नासाडी कमी, आणि शेतकरी शेतीत टिकेल एवढा पैसा. या चारांपैकी कशात डिजिटल नोंदींनी खरोखर फरक पडला?

आमच्या शेतकरी गटाची लवकरच बैठक आहे. सेन्सर, अ‍ॅप, क्यूआर कोड असं सगळं एकत्र देणाऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव आलाय आणि त्यात गटाचे पैसे घालायचे का हे ठरवायचंय. अनुभव सांगा. विरोधी मतं असतील तर ती आधी सांगा.

चाकोरी

चांगला धागा. निर्यातीच्या पेटीवर क्रमांक असतो हे आजवर माहीतच नव्हतं. वाचतेय.

तासगावी

औषधाच्या बाबतीत फरक पडला, हे मी छातीठोक सांगेन.

२०१० आठवा. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते, युरोपात सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. खरड छाटणीनंतर वाढ रोखून काडी पक्की व्हावी म्हणून सगळीकडे सर्रास वापरलं जायचं. तपासणीच्या यादीतच ते नव्हतं, त्यामुळे इकडच्या प्रयोगशाळेतून पास झालेला माल तिकडे नापास झाला. लोकांची घरं हलली त्या वर्षी. त्यानंतर यादी वाढली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं पत्रक दरवर्षी नव्याने येऊ लागलं: कुठलं औषध, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं. पूर्वी दुकानदार सांगेल ते पंपात जायचं. आता आमच्याकडे गडीमाणूससुद्धा विचारतो, "दादा, याचा पीएचआय किती?", म्हणजे काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं. ही शिस्त नोंदवहीनं आणि तपासणीच्या धाकानं आली.

पाण्याचं मात्र विचारू नका. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडे टँकरनं बागा जगवलेली वर्षं आम्ही पाहिलीत. त्या टँकरचं पाणी कुठल्या नोंदीत आहे? औषधाचा अंश मोजायला यंत्र आहे, पण घडात किती भूजल गेलं हे पेटीवर कुठेच येत नाही.

उगावरोड

तासगावी, २०१० आमच्या घरीही कुणी विसरलेलं नाही. पाण्याचा मुद्दा वर्मी लागला. ठिबक सगळ्यांकडे आहे, पण किती वेळ सोडायचं हे अजून मातीत बोट घालूनच ठरतं.

रॉटरडॅमवासी

मी मूळचा पिंपळगाव बसवंतचा. इथे रॉटरडॅम बंदराजवळच्या एका फळांच्या गोदामात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. साखळीचं हे दुसरं टोक बहुतेक शेतकऱ्यांना दिसत नाही म्हणून थोडं लांबण लावतो.

कंटेनर भरताना आत तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर ठेवतात. प्रीकूलिंग झालेला, म्हणजे भरण्याआधी थंड केलेला, माल शून्य अंशाच्या आसपास ठेवून इथपर्यंत यायला हवा. आम्ही दार उघडलं की आधी लॉगर वाचतो. आलेख पाहिला की गोष्ट कळते. कुठल्या दिवशी तापमान चढलं, किती तास चढलं, पॅकहाऊसमध्येच माल नीट थंड झाला नव्हता की वाटेत बंदरावर प्लग उशिरा लागला, हे सगळं त्यात असतं. मग पेट्या उघडून देठ पाहतो (हिरवे की तपकिरी), मणीगळ, कूज, सल्फरच्या कागदामुळे मण्यांवर पडलेले पांढरे डाग. फोटोंसकट अहवाल तयार होतो आणि आयातदाराकडे व निर्यातदाराकडे जातो.

शेतकऱ्याकडे मात्र तो जात नाही. त्याला काही आठवड्यांनी कळतं ते एवढंच की क्लेम (माल खराब निघाल्याची भरपाई) लागला, किलोमागे इतके कापले. का लागला ते नाही. आता प्रीकूलिंग उशिरा झालं असेल तर त्यात बागेचा काय दोष? आणि काढणी भर दुपारी करून क्रेट उन्हात ठेवले असतील तर ते शेतकऱ्याला कळायला नको का, म्हणजे पुढच्या तोडीला सुधारता येईल?

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, तेव्हा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. त्या हंगामात कुणाचा माल टिकला आणि कुणाचा नाही याची पेटीनिहाय माहिती आमच्या संगणकात आहे. नाशिकच्या शेतकऱ्याला तिचा सोन्यासारखा उपयोग झाला असता.

चाकोरी

हे वाचून वाईट वाटलं. म्हणजे माल पुढे जातो, माहितीही पुढे जाते आणि मागे फक्त कपात येते?

रॉटरडॅमवासी

@चाकोरी, सगळेच तसे नाहीत. काही शेतकरी कंपन्या आपल्या सभासदाला अहवाल दाखवतात, समजावून सांगतात. मोहाडीच्या सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी असली आणि पॅकहाऊसही त्यांचंच असलं की बाग ते कंटेनर एकाच छताखाली येतं. मधे चार हात असले की अहवाल पहिल्याच हातात थांबतो.

कांदेनवमी

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून स्पष्ट लिहितो. माझा कांदा आहे, द्राक्ष नाही.

२०२३-२४ मध्ये देशातून जवळपास ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं गेली, सुमारे ३,४६० कोटींची. मोठा आकडा आहे, पण देशात पिकणाऱ्या द्राक्षाचा तो साधारण दहावा हिस्सा. बाकीचा माल कुठल्या नोंदीत आहे? युरोपातल्या माणसाच्या पोटात काय जातं याची आपण इतकी काळजी घेतो, आणि आपल्या पोरांना आठवडी बाजारात मिळणाऱ्या द्राक्षाला ना क्रमांक ना तपासणी.

आता कांद्याकडे या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे साठवणीच्या कोठारात, जातो. वजनघट, कोंब, सड धरून वाईट वर्षी तिसरा हिस्सा सहज जातो. चाळीतला ओलावा आणि सडीचा वायू ओळखणारे सेन्सर आलेत, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये कांदा साठवणुकीसाठी ग्रँड चॅलेंजही (नवे उपाय मागवणारी स्पर्धा) जाहीर केलं होतं. उपकरण चांगलं आहे, मी पाहिलंय. 'या खणात सड लागली' असा मेसेज येतो. पुढे काय? खण उपसायला माणसं मिळाली पाहिजेत आणि काढलेला कांदा विकायला भाव असला पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. त्या काळात चाळीत भरलेला कांदा कुणी कुठल्या अ‍ॅपवरून वाचवला असता?

धोरण स्थिर नसेल तर सेन्सरवरचा खर्च हा शेतकऱ्याच्या अंगावर आणखी एक बोजा आहे. नासाडीचं मूळ आधी पाहा.

तासगावी

कांदेनवमी, धोरणाबद्दल शंभर टक्के सहमत. पण धोरण माझ्या हातात नाही आणि खण उपसणं माझ्या हातात आहे. मेसेज दहा दिवस आधी आला तर पाच क्विंटल वाचतील की नाही?

कांदेनवमी

वाचतील. ते नाकारत नाही. पण त्या पाच क्विंटलमध्ये उपकरणाचे पैसे वसूल होतात का, याचा हिशेब विकणारा कधी दाखवत नाही. तो मागायलाच हवा.

संगमनेरी

दुधाचं उदाहरण कुणीच घेतलं नाही म्हणून लिहिते. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे गाई आहेत.

गावातल्या संकलन केंद्रावर दूध ओतलं की यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, वजनकाटा जोडलेला असतो, पावती तिथल्या तिथे हातात आणि मेसेज मोबाईलवर. दूध लगेच बीएमसीत जाऊन चार अंशांपर्यंत थंड होतं (मुंबईकरांनो, बीएमसी म्हणजे बल्क मिल्क कूलर!). पूर्वी केंद्रावरचा माणूस वहीत लिहील तो फॅट खरा. आता आज फॅट घसरला तर संध्याकाळी मी चारा बदलते. एखाद्या गाईला सडाचा आजार सुरू होतोय हे एसएनएफवरून आधी लक्षात येतं. नाशवंत मालात दुधाइतकं नाशवंत दुसरं काय आहे? तरी ते टिकतं, कारण थंड करण्याची सोय गावातच आहे आणि माहिती त्याच मिनिटाला आपल्या हातात पडते.

वाद तिथेही आहेतच. यंत्राचं कॅलिब्रेशन कुणी आणि कधी केलं यावरून भांडणं होतात, आणि ती रास्त असतात. यंत्र आलं म्हणजे न्याय आला असं नाही. पण भांडायला हातात पावती तरी असते.

उगावरोड

संगमनेरीताई, तुमचा प्रतिसाद बैठकीत वाचून दाखवणार आहे. परवानगी द्या.

संगमनेरी

खुशाल वाचा. सोबत चहा दुधाचाच असू द्या. :)

बिट्सबांध

मी सॉफ्टवेअरवाला आहे. शेतीमालाच्या ट्रेसेबिलिटीवर (माल मागे शेतापर्यंत शोधण्यावर) काम केलंय म्हणून थोडी तांत्रिक बाजू.

या विषयात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: वॉलमार्टने आंब्याच्या कापांचं पाकीट कुठल्या शेतातून आलं हे शोधायला सांगितलं तेव्हा जवळपास सात दिवस लागले, आणि ब्लॉकचेनवर (एकदा लिहिलं की बदलता न येणारी सामायिक डिजिटल वही) नोंदी ठेवल्यावर २.२ सेकंद. गोष्ट खरी आहे. पण वेळ वाचला तो नोंदी डिजिटल आणि एकसारख्या झाल्यामुळे. नोंदणाऱ्याने मुळात खोटं लिहिलं तर ब्लॉकचेन ते खोटं कायमचं जपून ठेवते. म्हणून प्रस्तावात 'ब्लॉकचेन' शब्द पाहून जास्त पैसे देऊ नका. विचारा की पहिली नोंद कोण करतो, कधी करतो आणि ती कोण पडताळतो. ग्रेपनेटची खरी ताकद प्रयोगशाळेने स्वतः बागेत येऊन नमुना घेण्यात आहे.

दुसरं, हवामान. महावेध या सरकारी हवामान प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं राज्यात आहेत, साधारण महसूल मंडळाला एक. पीकविम्यासाठी ती ठीक. द्राक्षाच्या डावणी रोगासाठी तेवढ्याने भागत नाही, कारण पान किती तास ओलं राहिलं हे ओढ्याकाठच्या आणि माळावरच्या बागेत वेगळं असतं. पानाचा ओलावा मोजणारं केंद्र शिवारातच हवं.

तिसरं, मालकी. करारात माहिती कुणाची हे लिहिलेलं असतं. बहुतेकदा ती कंपनीची असते. तुमच्या बागेची माहिती उद्या बियाणं कंपनीला किंवा विमा कंपनीला विकली जाऊ शकते. ते कलम वाचल्याशिवाय सही नको.

तासगावी

हवामान केंद्राचा अनुभव माझ्याकडे आहे. आम्ही चार शेजाऱ्यांनी मिळून एक बसवलं. ढगाळ हवा आली की पूर्वी भीतीनं फवारायचो, शेजाऱ्याचा ब्लोअर (फवारणी यंत्र) ऐकू आला की आपणही सुरू. आता पान ओलं किती तास राहिलं आणि तापमान किती ते पाहतो. धोका नसेल तर ब्लोअर घरीच. औषध, डिझेल, मजुरी तिन्ही वाचतं आणि अंशाची चिंताही कमी होते. मात्र छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर केंद्र काही करू शकत नाही. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या बागांचं जे झालं ते कुठल्याच अ‍ॅपनं थांबवलं नसतं.

मधुमालती

मी ठाण्यात राहते, आयुष्यभर स्वयंपाक केला, त्यामुळे वेगळ्या टोकाचं बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात होतं की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांत. शेतकऱ्याने सेन्सर लावायचे आणि आम्ही फ्रिजमध्ये अर्धा किलो द्राक्षं सडवायची, हे बरोबर नाही.

आमच्या सोसायटीत २०२०च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकरी गटाकडून थेट मागवणं सुरू झालं ते अजून चालू आहे. बुधवारपर्यंत मागणी नोंदवायची, तेवढाच माल तोडून शनिवारी येतो. टेम्पोत उरत नाही आणि आमच्याकडेही मोजून येतं. याहून साधं डिजिटल तंत्रज्ञान मला माहीत नाही.

आता एक भाबडा प्रश्न. द्राक्षावर पांढरट भुकटी असते, ती औषधाची ना? आम्ही मिठाच्या पाण्यात घालून ठेवतो.

चाकोरी

मलाही हेच विचारायचं होतं!

तासगावी

मावशी, मण्यावर सगळीकडे सारखी पसरलेली आणि बोटानं पुसली जाणारी पांढुरकी झाक ही फळाची स्वतःची मेणासारखी लव आहे. व्यापारी ती शाबूत आहे का हे आधी पाहतो, कारण लव म्हणजे घड कमी हाताळलेला, ताजा. औषधाचे डाग ठिपक्यांसारखे, ओघळासारखे असतात. धुऊन खायचंच, पण लवेला घाबरू नका. आणि देठ हिरवा बघून घ्या.

मधुमालती

बरं झालं विचारलं. इतकी वर्षं चांगली द्राक्षं सोडून चकचकीत घेत होतो.

कांदेनवमी

मधुमालतीताईंचं पटलं. मागणी आधी कळली की नासाडी आपोआप घटते. पण सोसायट्यांतून किती माल खपणार? मोठा माल बाजार समितीतूनच जातो. ई-नाम, म्हणजे बाजार समित्यांना जोडणारा ऑनलाइन बाजार, १४ एप्रिल २०१६ला सुरू झालं, तेव्हा वाटलं होतं की लासलगावच्या कांद्याला गुवाहाटीचा व्यापारी घरबसल्या बोली लावेल. पण माल न पाहता बोली लावायची तर प्रत जाहीर करणारी विश्वासू तपासणी हवी. ती उभी राहिली नाही, म्हणून आजही ट्रॉलीतला कांदा हातात घेऊनच बोली होते. इथेही बिट्सबांध म्हणाले तेच: पहिली नोंद कोण करणार?

बिट्सबांध

अगदी. प्रतवारी ही या सगळ्या साखळीतली सर्वात दुर्लक्षित जागा आहे.

उगावरोड

मूळ प्रश्नावर येतो. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

औषध कमी झालं, याला इथे आधार मिळाला: तपासणीचा धाक आणि शिवारातलं हवामान केंद्र. नासाडीची माहिती आहे पण ती आमच्यापर्यंत येत नाही. पाण्याची माहितीच तयार होत नाही. शिवाय राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाल्यापासून पाणी वाचवून बिलातही काही वाचत नाही. युरोपातले काही खरेदीदार आता ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीच्या प्रमाणपत्रासोबत 'स्प्रिंग' हे पाण्याचं प्रमाणपत्र मागतात, म्हणजे बाहेरून दडपण येणारच आहे. ते यायच्या आत आपल्या विहिरींची पातळी आपणच लिहायला घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी वही आणि दोरीही पुरते.

तेव्हा बैठकीत मी पूर्ण पॅकेजला विरोध करणार आहे. गटाच्या पैशातून हवामान केंद्रं आणि मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर घ्यावेत. क्यूआर कोडचा खर्च ज्याला तो हवा आहे त्या खरेदीदाराने करावा. आणि निर्यातदाराबरोबरच्या करारात एक कलम घालावं: लॉगरची नोंद आणि पोचल्यावरचा तपासणी अहवाल शेतकऱ्याला मिळाल्याशिवाय क्लेमची कपात नाही.

कांदेनवमी

कलम झकास आहे. निर्यातदार मान्य करेल?

उगावरोड

एकेकट्याचं नाही करणार. गटाचा माल एकत्र असेल तर ऐकून घ्यावं लागेल, त्यासाठीच गट आहे.

संगमनेरी

सेन्सरची देखभाल कोण करणार तेही त्याच बैठकीत ठरवा. आमच्याकडे यंत्र आलं त्यापेक्षा ते दुरुस्त करणारा पोरगा गावात तयार झाला तेव्हा खरा फरक पडला.

रॉटरडॅमवासी

उगावरोड दादा, करारात 'लॉगरची नोंद' असं मोघम लिहू नका. लॉगरचा क्रमांक, कंटेनर क्रमांक आणि लॉगर कुठल्या पॅलेटवर ठेवला ते, तिन्ही लिहा. दाराजवळच्या आणि आतल्या पॅलेटचं तापमान सारखं नसतं, त्यामुळे शक्य असेल तर दोन लॉगर मागा. भरताना पल्पचं (फळाच्या गराचं) तापमान घेतात, त्याचाही कागद हवा, म्हणजे माल गरम भरला की वाटेत तापला हा वाद राहत नाही. आमच्याकडच्या अहवालात कुठले रकाने असतात त्याची कोरी प्रत करून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मराठीत करून देतो, म्हणजे बैठकीत वाटता येईल.